आरशातून काढलेले बाबा

बाबांना सरळ घड्याळ पटकन वाचता येत नाही. आमच्या घरी भिंतीवर चांगलं मोठं घड्याळ आहे, आणि त्याच्यासमोर उभे राहून ते आजही क्षणभर अडखळतात. "साडेचार झाले?" ते विचारतात. "साडेसात!" आई स्वयंपाकघरातून ओरडते. एवढं झालं की आमच्या घरी सकाळ झाली असं समजायचं.

याला कारण त्यांचं दुकान. बाबांचं केस कापायचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, मागच्या भिंतीला गिऱ्हाइकांचा बाक आणि बाकाच्या वर घड्याळ, आकड्यांऐवजी नुसत्या रेघा असलेलं. कात्री चालवणाऱ्या माणसानं दर वेळी मान वळवून मागं बघायचं म्हटलं तर एखाद्याचा कानच जायचा. म्हणून वेळ बघायची ती आरशात. आरशात पाच वाजलेले असले की सात दिसतात. सव्वीस वर्षं असं वाचून बाबांची नजर त्याच बाजूनं पक्की झाली आहे. उलटं घड्याळ त्यांना एका झटक्यात कळतं. सरळ घड्याळाला मात्र डोकं चालवावं लागतं. "भाऊजींना घड्याळ भेट देऊ नका रे, त्रास होतो त्यांना," असं मामा चारचौघांत म्हणायचा आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचा.

बाबा अंगानं किरकोळ. दिवसभर उभे. त्यांना बसलेलं मी जेवतानाच पाहिलं आहे, आणि तेही घाईनं. दुकानात त्यांची कात्री रिकामीही चालायची. केसांना लागायच्या आधी हवेत तीनचार वेळा कच-कच-कच, मग एक खरी कच, मग परत हवेत. लहानपणी मला वाटायचं हवेतही काही केस असतात, आपल्याला दिसत नाहीत इतकंच. पुढं विचारलं तर म्हणाले, "हात थांबला की विसरतो गं. चालू ठेवायचा." गाडीवाला सिग्नलला इंजिन चालू ठेवतो तसं काहीतरी असावं.

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मामा आला. मामा सरकारी कचेरीत. त्याला प्रत्येक गोष्ट लेखी लागते, आणि आई त्याच्या शब्दाबाहेर नाही. त्यानं येताना कॉमर्सचे दोन फॉर्म आणले होते, एक खराब झाला तर दुसरा असावा म्हणून. मी म्हटलं, मला चित्रकला आणि डिझाइन घेऊन अकरावी-बारावी करायची आहे. मामानं फॉर्म परत पाकिटात घातले नाहीत, तसेच हातात धरून ठेवले.

"चित्रं सुट्टीत काढता येतात," तो म्हणाला. "हिशेब सुट्टीत शिकता येत नाही."

आई गप्प. आई गप्प बसली की मामाचं खरं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा दारातच उभे होते, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"माझा हात चालतोय तोवर ती तिला हवं ते शिकेल," ते म्हणाले.

"आणि नाही चालला तर?"

"तर दुकानात दुसरी खुर्ची आहेच. येईल माझ्या जोडीला."

"बघा हं भाऊजी. बोललात." मामानं माझ्याकडे बोट केलं. "तूही ऐकलंस."

मी घाईघाईनं मान डोलावली. त्या वयात बापाचा हात चालायचा थांबेल असं कुणाला वाटतं? दुसऱ्या खुर्चीची मला भीती मात्र वाटायची. ती बाबांचा भागीदार गाव सोडून गेल्यापासून रिकामीच होती, आणि मला केस कापता येत नव्हते असंही नव्हतं. शेजारच्या मुलींच्या बटा मी सफाईनं कापून द्यायचे. त्या खुर्चीमागं एकदा उभी राहिले की पुढची तीस वर्षं मी तिथंच चांगली शोभून दिसेन, हे मला पक्कं माहीत होतं. त्याचीच भीती.

चित्रकलेच्या बाईंना सगळे रबरबाई म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गात एक पत्र्याचा डबा फिरवला आणि सगळ्यांची खोडरबरं त्यात टाकून घेतली. "चुकलेली रेघ राहू दे. तिच्या शेजारी बरोबर काढ. तू कुठं चुकलास ते मला दिसलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. डबा त्यांच्या कपाटात, किल्ली कमरेला. दोन वर्षांत तो डबा उघडलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांचं दुसरं वाक्य आम्हाला झोपेतही ऐकू यायचं: "माहीत आहे ते काढू नकोस, दिसतंय ते काढ." डोळा बदामासारखा असतो हे आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्ही बदाम काढायचो. बाई कागद उलटा करून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बदाम मी बाजारातून आणीन. तू समोर बघ."

बारावीला सगळं वजन एका फोल्डरवर होतं. एक विषय घ्यायचा, वर्षभर त्यावर काम करायचं, प्रत्येक कागदावर तारीख घालायची आणि मार्चमध्ये सगळे कागद तारखेच्या क्रमानं लावून परीक्षकांना दाखवायचे. चित्र छान आहे का, एवढंच ते बघत नाहीत. जुलैतली तू आणि मार्चमधली तू यांत काय फरक पडला, ते बघतात. डिझाइनच्या कॉलेजातही हेच फोल्डर बघून घेणार होते. विषय होता 'काम करणारा माणूस'. मी लांब गेलेच नाही. बाबांना काढायचं ठरवलं.

पण बाबांकडे सरळ बघितलं की ते पासपोर्टच्या फोटोसारखे व्हायचे. खांदे वर, हनुवटी आत, कात्री अधांतरी. गिऱ्हाईक विचारायचं, "काय हो, झालं का?" दोन दिवस हे असं चाललं. मग मी युक्ती केली. बाकावर घड्याळाखाली बसायचं, मांडीवर पाटी, आणि बाबांच्या पाठीकडे न बघता समोर आरशात बघायचं. आरशात ते माझ्याकडे तोंड करून उभे असायचे आणि त्यांना वाटायचं मी गिऱ्हाइकाला काढतेय. मग हात मोकळा व्हायचा. कॉलेज सुटलं की मी पाचला दुकानात, सहाला घरी. पाऊण तासात एक कागद. कोळशाच्या कांडीनं काढलेलं चित्र हात लागला की पुसतं, ते पक्कं करायचा स्प्रे आमच्याकडे नव्हता. बाबांनी केसांवर मारायचा स्प्रे पुढं केला. तो चालला. माझ्या फोल्डरला अजूनही एखाद्या नवरदेवासारखा वास येतो.

पहिले सहा कागद घेऊन बाईंकडे गेले तर त्यांनी चष्मा वर केला.

"वडील डावखुरे आहेत?"

"नाही बाई."

"मग कात्री डाव्या हातात कशी?"

मी कागद बघितला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आरशातून काढलेला माणूस कागदावर आला की त्याचा उजवा हात डावा होतो. आरसा आहे हे मला माहीत होतं, कागदाला कुठं माहीत होतं! बाई पहिल्यांदाच जरा खूश दिसल्या. म्हणाल्या, "दिसतंय ते काढलंस, उलटवून सारखं केलं नाहीस, हे बरं केलंस. फक्त प्रत्येक कागदाखाली तारखेशेजारी 'आरशातून' असं लिही. नाहीतर परीक्षक म्हणतील मुलीला डावं-उजवं कळत नाही."

तेव्हापासून मी प्रत्येक कागदाखाली तारीख आणि 'आरशातून' लिहायला लागले. मी पेन्सिल दाबून लिहिते, लहानपणापासूनची खोड आहे.

आता पुढचं सांगताना मला माझाच राग येतो, पण सांगते. त्या वर्षी घरात काही ना काही बदलत होतं आणि मी प्रत्येक वेळी त्याला एक चांगलंसं कारण शोधून देत होते. बाबा अर्धा कप चहा मागायला लागले. म्हणाले, पित्त. मी म्हटलं, पित्त असेल. सप्टेंबरमध्ये त्यांनी वस्तऱ्यानं दाढी करणं बंद केलं, मशीननंच करायला लागले. म्हणाले, लोकांना आता हेच आवडतं. ऑक्टोबरमध्ये कंगवा शोधताना दुकानाच्या खणात मला फुग्यांचं पाकीट मिळालं, रंगीत, पन्नासचं. "रडणाऱ्या पोरांना द्यायला," ते म्हणाले. दुकानात रडणारी पोरं भरपूर, पण फुगा घेऊन बाहेर पडलेलं एकही पोर मी पाहिलं नाही. सकाळी ते घरातून तासभर आधी निघायला लागले. आणि कधीतरी, नक्की कधी ते मला सांगता येणार नाही, हवेतली ती कच-कच थांबली. मी तिथंच बाकावर बसलेली होते. कान माझे शाबूत होते. मी कागदात डोकं घालून, दिसतंय ते काढत होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी मला वर्गाबाहेरच्या लांब व्हरांड्यात बोलावलं. चोपन्न कागद आम्ही जमिनीवर तारखेच्या क्रमानं मांडले. बाई एका टोकाला चपला काढून उभ्या राहिल्या आणि हळूहळू चालत आल्या. मी मागं मागं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. सुरुवातीचे बाबा लाकडी वाटत होते, मग जरा माणसात आले. एकतिसाव्या कागदापर्यंत कात्री कागदाच्या उजव्या बाजूला. बत्तिसाव्यापाशी बाई थांबल्या.

"हं. इथून तू जागा बदललीस."

"म्हणजे?"

"आरसा सोडलास. सरळ समोरून काढायला लागलीस. बघ ना, कात्री आता या बाजूला आली, उजव्या हातात. छान. दृष्टिकोन बदलला हे परीक्षकांना आवडेल." मग त्या वाकल्या. "पण खाली अजून 'आरशातून' लिहितेयस. सवयीनं लिहिलं असशील. हे चूक आहे, काढून टाक. बत्तीस ते चोपन्न, तेवीस कागद."

मी म्हणणार होते, बाई, मी आरसा सोडलाच नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात माझी नजर एकतीसवरून बत्तीसवर गेली आणि परत एकतीसवर आली. जागा तीच. बाक तोच. आरशाच्या वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ तेच, तिथंच. फक्त कात्री या हातातून त्या हातात गेलेली. बत्तीसवर तारीख होती सोळा नोव्हेंबर. आणि दुसरा हात, ज्यात कंगवा असायला हवा होता, तो नव्हताच. तो एप्रनच्या खिशात होता. मी खिशाच्या सुरकुत्या अगदी नीट काढल्या होत्या. त्यासाठी बाईंनी शेऱ्यात 'उत्तम' लिहिलं होतं.

तेवीस कागद. तेवीस वेळा मी पाऊण तास त्या हाताकडे बघत बसले होते.

बाईंनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, पत्र्याचा डबा आणला आणि त्यातून एक खोडरबर माझ्या हातावर ठेवलं. "फक्त एवढ्या शब्दापुरतं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी वर्गातल्या मुलांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला तिजोरीच उघडून दिली होती.

मी पाचला दुकानात गेले, पाटी न घेता. पहिल्यांदाच बाबांकडे सरळ बघितलं. कात्री डाव्या हातात होती आणि ती नेहमीची नव्हती, अंगठ्याची कडी उलट बाजूला असलेली, डावखुऱ्यांची. काम सावकाश चाललं होतं पण बरं चाललं होतं. उजवा हात खिशात.

"आज कागद नाही?"

"नाही."

"बरं वाटत नाही का?"

"वाटतंय," मी म्हटलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागोमाग निघाले. दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. वाकून बघितलं तर खुर्चीच्या पाठीला एक हिरवा फुगा दोरीनं बांधलेला, त्याला फेस लावलेला, आणि बाबा डाव्या हातानं वस्तऱ्यानं त्याची दाढी करत होते. नवशिके वस्तरा असाच शिकतात, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. जोर जास्त झाला की फुगा फुटतो. माझ्यासमोरच फुटला. फेस आरशावर, बाबांच्या भुवयांवर. त्यांनी फुग्याला एक कचकचीत शिवी दिली, जी मी आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती, आणि खणातून दुसरा काढला. तो फुगवताना त्यांनी उजवा हात वर आणला. तो हात असा हलत होता की फुग्याचं तोंड त्यांच्या तोंडापर्यंत नीट येईना. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. आवाज होऊ नये म्हणून मी ओढणी तोंडात कोंबली आणि कॉलेजच्या रस्त्याला लागले.

बाबांनी मामाला दिलेल्या शब्दाचा अर्थ मला आता कळला. बाबा कुणापासून लपवत होते? गिऱ्हाइकांपासून तर नाहीच, जुनी गिऱ्हाइकं सगळी जाणून होती, मागाहून कळलं. लपवत होते ते घरापासून. हात चालत नाही असं एकदा मामाच्या कानावर गेलं की आई गप्प बसणार, आणि मग परीक्षा तोंडावर असो की आणखी कुठं, मी दुसऱ्या खुर्चीमागं. म्हणून त्यांनी माझी बारावी होईपर्यंत दुसरा हात तयार करायचा घाट घातला होता. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी.

मी त्या संध्याकाळी तेवीस कागदांवरचा 'आरशातून' पुसला. बाईंची आज्ञा होती, त्यामुळं मला कुणी चोर म्हणणार नव्हतं. शब्द गेला की चित्रातला माणूस सरळ समोरून काढलेला, उजव्या हातानं काम करणारा, धडधाकट. मामाला कळणार नाही, आईला कळणार नाही, परीक्षकांना दृष्टिकोन बदललेला दिसेल. सगळ्यांचं भलं. तरी विसावा कागद पुसेपर्यंत माझं डोकं इतकं तापलं की रबराचा तुकडा पडला. दोन वर्षांत मी एक रेघ पुसली नव्हती आणि आता पुसत होते ती एकच खरी गोष्ट होती.

परीक्षक सोमवारी येणार होते. त्याआधी शनिवारी पालकांसाठी प्रदर्शन. व्हरांड्याच्या भिंतीवर माझे चोपन्न कागद तीन ओळींत लागले होते. आई, मामा आणि बाबा आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि उजवा हात पँटच्या खिशात ठेवला होता, एखाद्या पाहुण्यासारखा. आई पहिल्या ओळीतच अडकली. "अगं, हे तर दुकानात दिलेलं आपलं जुनं कपाट! त्यावरचा डागसुद्धा काढलास?" ती जो भेटेल त्याला कपाट दाखवायला लागली.

मामा शेवटच्या ओळीपाशी गेला. त्याला सगळ्या गोष्टींत चूक शोधायची सवय, कचेरीत त्याचं कामच ते.

"काय गं, सात वाजता तू दुकानात काय करत होतीस? सहाला घरी यायचं असं ठरलं होतं ना?"

"पाच वाजलेत," बाबा म्हणाले. सहज. बघता बघता.

"सात वाजलेत भाऊजी!" मामा हसायला लागला. "अहो, चित्रातलं तरी घड्याळ नीट वाचा!"

"नाही, पाच…" बाबा म्हणाले आणि थांबले.

मला त्यांची पाठ दिसत होती, आणि ती कशी ताठ झाली तेही दिसलं. त्यांना ते घड्याळ एका नजरेत वाचता आलं होतं. म्हणजे ते उलटं होतं. उलटं होतं म्हणजे चित्र आरशातलं होतं. ते पहिल्या ओळीकडे गेले, वाकून एक कागद बघितला, तारीख, 'आरशातून'. मग बत्तिसाव्यापाशी आले. तारीख, आणि पुढं काहीच नाही. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या कोऱ्या जागेवरून फिरवलं. मी पेन्सिल दाबून लिहिते. शब्द गेला तरी खाच राहते.

मामा पुढच्या मुलाच्या चित्रांत चुका शोधायला निघून गेला होता.

"पुसलंस," बाबा हळू आवाजात म्हणाले.

"हो."

"घड्याळ पुसायचं राहिलं."

मी कागदावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"कधीपासून माहीत आहे?"

"तीन आठवडे झाले." मग मीच विचारलं, "बाबा, डॉक्टर काय म्हणतात?"

"जिवाला काही नाही. हात मात्र असाच राहणार." त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "सोळा. मी चौदाला पहिलं डोकं केलं डाव्यानं. पंधराला दुकान बंद होतं. म्हणजे तू दुसऱ्याच दिवशी काढलंस." ते कागदाच्या आणखी जवळ गेले. "कोपर फार वर गेलंय इथं. तेव्हा जायचं." मग चाळीस, मग अठ्ठेचाळीस, मग शेवटचा. एकेक कागद ते असे बघत होते, की तसं काही बघताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "इथं उतरलं. इथं बरं आहे. हा चांगला दिवस होता, लग्नाचं गिऱ्हाईक होतं." शेवटी ते माझ्याकडे वळले आणि चक्क चिडले होते. "दीडशे फुगे फोडले मी. आणि तू ते रबरानं काढून टाकलंस?"

"मामाला कळेल म्हणून…"

"परत लिही."

"बाबा, मामा—"

"लिही म्हणतो ना. त्याचं मी बघतो."

ते व्हरांड्यातून मामाकडे गेले. आईही तिथंच होती. मला सगळं ऐकू आलं नाही, कारण मी पेन्सिल शोधत होते आणि डोळ्यांत पाणी असलं की पिशवीत काही सापडत नाही. पेन्सिल मिळाली तेव्हा वर बघितलं. बाबांनी खिशातून उजवा हात काढला होता आणि मामाच्या तोंडासमोर धरला होता. तो हलत होता, सगळ्यांना दिसेल असा. आईनं तोंडावर पदर घेतला. मग बाबांनी त्याच्या शेजारी डावा हात धरला. तो जागचा हलला नाही.

"हात चालतोय तोवर, असं म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "हा बघा. चालतोय."

मामाला लेखी लागतं, पण त्यानं काही मागितलं नाही. त्यानं हलणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला, आणि मला मामाचा इतक्या वर्षांत पहिल्यांदा राग आला नाही.

बाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मी काय सांगितलं होतं? पुसायचं होतं ना?" त्या म्हणाल्या. मी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, कागदावरच्या. त्यांनी चष्मा वर केला. एकतीस बघितला, बत्तीस बघितला, लांब उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं. मग माझ्याकडचं उरलेलं रबर काढून घेतलं आणि डबा आणायला गेल्या.

मी बत्तीसपासून सुरुवात केली. फार बघावं लागलं नाही. पेन्सिल जुन्या खाचेत आपोआप बसत होती.